संत्र्याच्या शेतकऱ्यांकरता वेबसाइट केली, पण सगळे फोनच करून राहिले. चुकलं कुठं?

आंबिया_बहार:

नमस्कार मंडळी. मी नागपूरचाच, मनीषनगरला राहतो, दिवसा नोकरी आणि रात्री-रविवारी बाहेरची छोटी कामं घेतो. मागच्या दिवाळीच्या आधी एका ओळखीच्या अडत्याला वेबसाइट करून दिली. कळमन्याच्या मार्केटमधे त्यांचं संत्र्याचं काम आहे, काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेर इकडून शेतकरी गाडी भरून आणतात. काम तसं साधं होतं, गाडी निघायच्या आधी किती माल येऊन राहिला ते शेतकऱ्यानं टाकायचं, आजचा भाव पाहायचा, अन लिलाव झाल्यावर आपली पट्टी तिथंच पाहायची, म्हणजे वजन किती भरलं, हमाली-तोलाई किती कापली हे घरी बसून कळेल. डिझाइन मी मन लावून केलं होतं. नारिंगी बटनं, पांढरी स्वच्छ पानं, बारीक करडी अक्षरं, आजकाल सगळीकडे असतं तसं.

पण लोक वापरूनच नाही राहिले. नोंदणी सुरू करतात, अर्ध्यात सोडतात आणि सरळ दुकानावर फोन लावतात की आज काय भाव निघाला. दिवाणजी सकाळपासून फोनवरच असतात, त्यांचा त्रास कमी करायलाच तर हे सगळं केलं होतं.

मग मागच्या रविवारी मी स्वतः मार्केटमधे गेलो. दहा वाजले असतील, लिलाव आटोपत आलेला, काटोलकडचे एक काका रिकाम्या क्रेटवर बसले होते, साठीच्या पुढचे. म्हटलं काका जरा हे पाहता का, आणि त्यांच्याच फोनवर साइट उघडून दिली. त्यांनी फोन डोळ्याजवळ नेला, मग लांब धरला, मग डाव्या हाताचा आडोसा केला. "मले तं काहीच दिसून नाही राहिलं बापू." मग आम्ही टिनाच्या सावलीत गेलो. तिथं त्यांनी मोबाइल नंबर टाकला आणि ओटीपी काही येईना, दोनदा पाठवला, मग लक्षात आलं की त्यांनी बँकेत दिलेला नंबर टाकला आणि ते सिम पुण्यात शिकणाऱ्या पोराजवळ. पोरगा क्लासमधे, फोन उचलेना. मी दुसऱ्या नंबरनं आत नेलं. पुढं माझाच ड्रॉपडाउन, ग्रेड निवडा, ए, बी, सी. काका त्याच्याकडे पाहतच राहिले अन मला विचारलं, "याच्यात चुरी कोनती?" चुरी म्हणजे बारीक फळ, मार्केटमधे लहान पोरालाही माहीत असलेला शब्द, आणि मी तो कुठंच लिहिला नव्हता. वजनाच्या रकान्यात त्यांनी बरोबर '२' टाकलं तरी खाली लाल अक्षरात आलं, अवैध इनपुट. त्यांनी फोन माझ्या हातात दिला. "माह्याच्यानं नाही होत बापू, मी अडाणी माणूस."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाऊनच नाही राहिलं. हा माणूस सातशे झाडांचा बगीचा पाहतो, कोणत्या ओळीत कोणत्या झाडाला डिंक्या लागला ते तोंडपाठ सांगतो, आणि माझ्या एका पानापुढं बसून स्वतःला अडाणी म्हणतो.

अडत्याचं म्हणणं आहे की कसं वापरायचं त्याचा व्हिडिओ बनवून टाक. माझं मन होत नाही. डिझायनर ठेवायला पैसे नाहीत. सुरुवात कुठून करू? जे हे काम करतात त्यांनी खरंखरं सांगा, कडू लागलं तरी चालेल.

रेघ_आणि_रंग:

दादा, व्हिडिओ राहू द्या. ज्या फॉर्मसोबत व्हिडिओ द्यावा लागतो तो फॉर्मच बदलायला पाहिजे, आणि काकांनी तो व्हिडिओ पाहायचा कधी, गाडी भरताना?

मी नागपूरचीच, आठ वर्षांपासून स्क्रीन डिझाइनचंच काम करते. तुम्ही रविवारी जे केलं ते करायला मोठमोठ्या टीमना वेळ मिळत नाही. वापरणाऱ्याच्या बाजूला बसून पाहणं, यालाच आम्ही यूजेबिलिटी टेस्टिंग म्हणतो, त्याला ना लॅब लागते ना कॅमेरा. एकच गोष्ट चुकली, तुम्ही मदत केली. सावलीत नेलं, दुसरा नंबर टाकून दिला. मला माहीत आहे किती कठीण जातं, आपल्यासमोर एखादे काका अडकले की आपला हात आपोआप पुढं जातो, पण तुम्ही नसताना ते जिथं अडकणार ती जागा तुम्हाला पाहायची आहे. म्हणून फक्त काम सांगा, "काका, उद्या दोन टन माल आणायचा आहे, तेवढं दुकानाला कळवा", आणि मग गप्प बसा, अगदी गप्प. अंगठा कुठं थांबतो, कुठं वर-खाली करतात, कोणता शब्द दोनदा वाचतात ते वहीत लिहा. फार वेळ गेला तर एवढंच विचारा की आता काय शोधून राहिले. "आवडलं का" हे कधीच विचारू नका, आपल्याकडे चहा पाजणाऱ्या पोराला कोणी वाईट म्हणत नाही, सगळे छानच म्हणतील.

किती लोक पाहायचे? पाच. याकोब निल्सन या क्षेत्रातलं मोठं नाव, त्यांनी २००० साली हे मांडलं होतं की एक माणूस सरासरी ३१ टक्के अडचणी दाखवतो, पुढच्या माणसाच्या बऱ्याच अडचणी त्याच असतात, म्हणून पाच जणांत साधारण ८५ टक्के बाहेर येतात. त्यांचं पुढचं म्हणणं मला जास्त पटतं, एकाच वेळी पंधरा लोक बसवण्यापेक्षा पाच पाहा, दुरुस्त करा, परत दुसरे पाच पाहा. कारण पहिली भिंत पडल्याशिवाय तिच्या मागची भिंत दिसतच नाही. तुमचे काका ओटीपीवरच अडले असते तर चुरीचं तुम्हाला कधी कळलं असतं? फक्त हे पाच जण खरे शेतकरी असू द्या, घरातला इंजिनिअर भाचा बसवू नका.

आता उन्हाचं. साइट सगळ्यांना वापरता यावी याकरता डब्ल्यूसीएजी नावाचे जागतिक नियम आहेत, पहिले १९९९ मधे आले, सध्याचे २.२ हे ऑक्टोबर २०२३ चे. साध्या आकाराच्या अक्षराचा त्याच्या मागच्या रंगाशी कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळ-गडदचा फरक, कमीत कमी ४.५ ला १ पाहिजे असं त्यात आहे, मोठ्या अक्षरांना ३ ला १ चालतो. तुमचा बारीक करडा जर कोडमधे सहा वेळा नऊ लिहून येणारा असेल तर पांढऱ्यावर तो २.८५ लाच थांबतो. आणि नारिंगी बटनावरची पांढरी अक्षरं त्याहून वाईट, ब्राउझरचा जो ठरलेला ऑरेंज आहे त्यावर पांढरं अक्षर २ ला १ सुद्धा भरत नाही. त्याच नारिंगीवर काळं अक्षर टाका, १० च्या वर जातं. म्हणजे संत्र्याचा रंग सोडायची गरज नाही, अक्षर तेवढं काळं करा. उन्हात काचेवरून उजेड परततो आणि स्क्रीनचा काळाही करडा दिसायला लागतो, म्हणून कळमन्याकरता मी ७ ला १ च धरीन, नियमातला वरचा दर्जा तोच आहे. नवीन रंग लावले की फोन घेऊन भर दुपारी गच्चीवर जा आणि स्वतः वाचून पाहा. मे महिन्यात जमलं तर उत्तम.

ए-बी-सी आजच काढा. मोठं, मध्यम, चुरी. बाकी शब्दही दिवाणजींना विचारून लिहा, ते दिवसभर शेतकऱ्यांशी बोलतात.

सेतूवाला_सक्करदरा:

मी डिझाइनवाला नाही भाऊ, माझं सक्करदऱ्यात ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे, उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, नॉन क्रिमीलेअर, अ‍ॅडमिशन, पेन्शनवाल्यांचं हयातीचं, जे येईल ते भरून देतो, जून-जुलैत सकाळपासून लाइन असते अन दुपारचा डबा संध्याकाळी उघडतो. तुझं वाचून राहवलं नाही म्हणून लिहून राहिलो. अडाणी म्हणणारे माझ्याकडे रोज येतात. रिटायर्ड मास्तर येतात, दुकान चालवणारे येतात, सगळे तेच म्हणतात, "आम्हाले नाही जमत." अन जमत नाही ते काय, तर "भ्रमणध्वनी क्रमांक प्रविष्ट करा". अरे, घरात कोण बोलतं असं? मोबाइल नंबर टाका म्हटलं तर काय बिघडते?

एक सांगतो. मागच्या पावसाळ्यात उमरेडहून एक ताई आल्या होत्या, एका योजनेचा फॉर्म होता, चार पानांचा. तीन पानं आम्ही भरली, चौथ्यावर पासबुकचा नंबर पाहिजे. त्यांनी पिशवी उघडली, पिशवीत प्लॅस्टिकची पिशवी, त्यात रुमाल, रुमालात पासबुक, पाऊस होता म्हणून जपून आणलं होतं बिचाऱ्यांनी. ते काढेपर्यंत स्क्रीनवर आलं, "आपले सत्र समाप्त झाले आहे." सगळं कोरं, पहिल्या पानापासून. त्यांनी माझ्याकडे पाहिलं अन विचारलं, "सत्र म्हंजे काय भाऊ? माह्यं काही चुकलं काय?" काय सांगणार होतो. परत भरला, पण त्यांची साडेपाचची बस गेली.

तर तुले हात जोडून सांगतो, माणसानं एकदा लिहिलेलं पुसू नको. नेट गेलं, फोन आला, ओटीपी पाहायला मेसेजमधे गेला अन वापस आला, तरी भरलेलं तिथंच दिसलं पाहिजे. अन जन्मतारीख घेणार असशील तर ते कॅलेंडर लावू नको. १९५८ चा जन्म असला की एकेक महिना मागं जायला आठशेच्या वर वेळा बाण दाबा लागतो. वर्षावर बोट ठेवलं की वर्षांची यादी उघडते, हे मलेच कळायला सहा महिने लागले, मग त्या आजोबांना कसं कळणार. दिवस, महिना, वर्ष असे तीन रकाने दे, लोक टाइप करतात बरोबर. अन मुळात अडत्याला जन्मतारीख पाहिजे कशाला?

नावाचंही तसंच. आधारवर एक, सातबाऱ्यावर एक, पासबुकवर तिसरंच, बाईमाणसाचं तर कुठं वडिलांचं नाव कुठं नवऱ्याचं. तीन रकाने करून प्रत्येकात काहीतरी भराच म्हणू नको. एकच लांब रकाना ठेव, पूर्ण नाव, झालं. फोटो मागितला तर २० ते ५० केबीमधेच द्या असं म्हणू नको, फोनचा फोटो तीन-चार एमबीचा असतो, तो लहान करायचं काम तुझ्या कोडनं करावं. माझ्या दुकानाचं अर्धं उत्पन्न फोटो लहान करण्यावर आहे, तरी हे सांगून राहिलो.

थेट_मुद्दा:

एवढं कशाला? सकाळी भाव व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचा, माल किती येणार ते लोक व्हॉइस मेसेज करतील. साइटची गरजच नाही. शेतकऱ्याला आधीच जे येतं ते वापरा.

रेघ_आणि_रंग:

यातलं अर्धं मला पूर्ण पटतं. भाव पाहायला नोंदणी मागायचं काहीच कारण नाही. आजचा भाव सगळ्या मार्केटला माहीत असतो, तो ओटीपीच्या मागे कशाला लपवायचा? साइट उघडली की पहिल्यांदा भावच दिसला पाहिजे, मोठ्या आकड्यात, आणि सकाळी तोच ग्रुपवरही टाका. पण पट्टी ग्रुपवर नाही टाकता येत, ती ज्याची त्याला गेली पाहिजे आणि तीन महिन्यांनीही सापडली पाहिजे. लॉगिन तिथं मागा, आणि नंबरच्या रकान्यावर स्पष्ट लिहा, "जो फोन आता हातात आहे त्याचा नंबर." काकांचं पुणं तिथंच सुटलं असतं.

कानानं_वाचतो:

थोडं माझ्या बाजूनं सांगतो. मला जन्मापासून दिसत नाही. नागपुरातच बँकेत नोकरी करतो, कॉम्प्युटरवर एनव्हीडीए आणि फोनवर टॉकबॅक वापरतो, दोन्ही स्क्रीनवरचं मोठ्यानं वाचून दाखवतात. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर ऑस्ट्रेलियात २००६ मधे सुरू झाला, फुकट आहे, आणि मराठी वाचतो. म्हणजे माझ्यासारख्याकरता साइट वेगळी करायची नसते, जी आहे तीच नीट लिहायची असते. तुमच्या शेतकऱ्यांत मोतीबिंदू झालेले, नजर कमी झालेले किती तरी असतील, ते स्वतःहून सांगणार नाहीत.

मला तुमची साइट कशी ऐकू येईल ते सांगतो. आयकॉनवर बोट ठेवलं आणि तुम्ही त्याला नाव दिलेलं नसेल तर फोन म्हणतो, "लेबल नसलेलं बटन". त्याच्या बाजूला परत "लेबल नसलेलं बटन". असं एका ओळीत पाच. त्यातलं एक माल पाठवतं आणि एक रद्द करतं, मी कोणतं दाबू? रकान्यात फिकट अक्षरात 'वजन' लिहून सोडलं आणि वर वेगळं लेबल दिलं नाही तर तेही वाईट, लिहायला सुरुवात केली की ते गायब होतं, आणि मग डोळसांनाही आठवत नाही की तिथं काय होतं.

दुसरं, पानाच्या कोडमधे भाषा मराठी आहे असं सांगा. एका शब्दाचं काम आहे. ते नसलं तर कधी कधी इंग्रजी आवाज मराठी वाचायला घेतो आणि काहीच कळत नाही. आणि पट्टीची पीडीएफ देणार असाल तर दुकानातल्या कॉम्प्युटरवर कोणता फॉन्ट आहे ते आधी पाहा. खूप ठिकाणी अजून कृतिदेव आहे. त्यात दिसायला मराठी दिसतं पण आत इंग्रजी अक्षरं असतात. कृतिदेवमधे 'मराठी' लिहिलं तर मला ऐकू येतं ई, जे, के, बी, एच. हे मी रोज ऐकतो, अख्खी अख्खी पत्रकं अशी असतात, आणि पाठवणाऱ्याला वाटतं मला सगळं पोचलं. युनिकोडमधे लिहा, त्यात आतही मराठीच अक्षरं असतात, म्हणजे मी वाचू शकीन आणि तुम्हाला शोधताही येईल.

चित्रातला कॅप्चा लावू नका, ती माझ्याकरता भिंत आहे. सेतूवाल्या भाऊंनी सत्राचं सांगितलं, मला तर कानानं एकेक रकाना ऐकत जायला जास्तच वेळ लागतो. डब्ल्यूसीएजीमधे आहे की वेळ संपायच्या आधी सांगा आणि साध्या एका बटनानं वाढवून घ्यायला कमीत कमी २० सेकंद द्या. अपंगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा आहे. ३० एप्रिल २०२५ ला सुप्रीम कोर्टानं केवायसीच्या, म्हणजे ग्राहकाची ओळख पटवायच्या, प्रकरणात सांगितलं की डिजिटल सेवा वापरता येणं हा अनुच्छेद २१ खालच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. त्यात अ‍ॅसिड हल्ल्यात चेहरा आणि डोळे गेलेल्या स्त्रिया होत्या, त्यांना स्क्रीन सांगत होती की पापण्या मिटून दाखवा. तो निकाल मी कानानं दोनदा पूर्ण ऐकला. कोर्टाचा धाक दाखवायला हे नाही लिहिलं. तुम्ही विचारलं खरं सांगा, म्हणून सांगितलं.

शिरोरेषा:

सगळ्यांनी छान सांगितलं, माझं एकाच गोष्टीवर लक्ष अडकलं. काकांनी '२' टाकलं आणि अवैध आलं. त्यांचा कीबोर्ड मराठी होता का?

आंबिया_बहार:

हो, मराठीच होता! आकडाही मराठीच उमटला होता.

शिरोरेषा:

मग तिथंच आहे. तुम्ही तपासणीच्या पॅटर्नमधे बॅकस्लॅश डी वापरलं असणार. जावास्क्रिप्टमधे ते फक्त इंग्रजी शून्य ते नऊ ओळखतं, देवनागरी आकडे त्याला आकडे वाटतच नाहीत. काकांनी आपल्या लिपीत बरोबर लिहिलं आणि मशीननं त्यांना चूक म्हटलं. उपाय दोन ओळींचा आहे, युनिकोडमधे देवनागरीचे दहाही आकडे ओळीनं एकापाठोपाठ आहेत, त्यामुळं आलेल्या प्रत्येक आकड्यातून ठरलेला फरक वजा केला की इंग्रजी आकडा मिळतो. तपासायच्या आधी हे करून घ्या. मधलं रिकामं, स्वल्पविराम, सगळं तुम्ही साफ करा, शेतकऱ्याला करायला लावू नका. रकान्याला इनपुटमोड डेसिमल दिलं की आकड्यांचा आणि दशांश चिन्हाचा कीपॅड उघडतो. टाइप नंबर, म्हणजे रकान्याचाच प्रकार आकड्यांचा ठेवणं, मी टाळतो, कॉम्प्युटरवर माउसचं चाक फिरलं की त्यातला आकडा नकळत बदलू शकतो, आणि दुकानात दिवाणजी कॉम्प्युटरवरच काम करणार.

अवैध इनपुट हे शब्दही काढा. काय चुकलं आणि काय करायचं ते लिहा, "वजन फक्त आकड्यात टाका, जसे २ किंवा २.५". आणि ते रकान्याच्या लगत दाखवा, पानाच्या तळाशी नको.

देवनागरीबद्दल अजून थोडं, कारण टेम्पलेट बहुतेक इंग्रजी धरूनच बनवलेले असतात. आपल्या अक्षराला वर मात्रा-अनुस्वार आणि खाली उकार असतात, लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंची, इंग्रजीइतकी ठेवली आणि बटनाची उंची बांधून टाकली की ते कापले जातात. मी एका साइटवर 'नोंद' चं 'नोद' आणि 'बंद करा' चं 'बद करा' झालेलं पाहिलं आहे. मी १.६ च्या खाली जात नाही. लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधलं जास्तीचं अंतर, शून्यच ठेवा, नाहीतर शिरोरेषा तुटून प्रत्येक अक्षर वेगळं लटकतं, डोळ्याला फार त्रास होतो. फॉन्ट मुक्ता घ्या, मुंबईच्या 'एक टाइप' नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्यांनी केलेला आहे, मोफत आहे, लहान आकारातही उघडा दिसतो. किंवा नोटो सान्स देवनागरी. बारीक वजनाचा नको, साधा रेग्युलर, १८ पिक्सेलपासून पुढं.

बटनं मोठी करा. डब्ल्यूसीएजी २.२ मधे कमीत कमी २४ बाय २४ पिक्सेल आहे पण अँड्रॉइडची स्वतःची शिफारस ४८ ची आहे, तीच धरा. बगीच्यात काम केलेला अंगठा आहे, मातीनं भरलेला असतो.

आंबिया_बहार:

तीन आठवड्यांनी लिहून राहिलो, सगळ्यांचे मनापासून आभार. अडत्याला हा धागा वाचून दाखवला, सेतूवाल्या भाऊंचा ताईंचा किस्सा ऐकून ते थोडा वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले कर जे करायचं ते.

आता साइट उघडली की लगेच भाव दिसतो, काळ्या मोठ्या आकड्यात, लॉगिन नाही. मोठं-मध्यम-चुरी केलं. वजनाच्या समोर टन आणि क्रेट दोन्ही ठेवले. आकड्यांचं दुरुस्त केलं, खरंच दोन ओळींतच झालं. लिहिलेलं फोनमधेच जतन होतं, ओटीपी पाहून वापस आलं तरी जात नाही. जन्मतारीख काढून टाकली, कशाला घेतली होती याचं मला स्वतःला उत्तर देता आलं नाही. आणि सगळ्यात खाली एक मोठं बटन ठेवलं, "दुकानावर फोन लावा", कारण ज्याला बोलायचंच आहे त्याला अडवायचं कशाला.

मग पाच जण पाहिले, दोन रविवारात. हात खरंच पाठीमागे धरून बसलो. सावनेरच्या एक मावशी होत्या, बगीचा त्या स्वतः पाहतात, त्यांनी प्रत्येक पानावर आधी फोनचं मागे जायचं बटन दाबलं आणि माझी साइट त्यांना सरळ बाहेर काढत होती, हे मला घरी बसून वर्षभर कळलं नसतं. काटोलचे काका पण आले होते. या वेळी उन्हातच उभे होते आणि तिथंच वाचलं. दोन टन, चुरी, उद्या सकाळ, सगळं स्वतः टाकलं, मी तोंडातून एक शब्द काढला नाही. शेवटचं बटन दाबलं आणि फोन तसाच धरून उभे राहिले. मग विचारलं, "झालं का? आता फोन नाही करा लागत ना?" मी तिथं एक हिरवी टिकली ठेवली होती, दोन सेकंदांत आपोआप जाणारी, ती त्यांनी पाहिलीच नव्हती. आता तिथं पूर्ण वाक्य येतं, "तुमचा माल दुकानात कळवला. २ टन, चुरी, उद्या सकाळी. फोन करायची गरज नाही." आणि ते स्वतः बंद करेपर्यंत जात नाही.

पट्टीचं पान मात्र अजून नीट नाही. तक्ता रुंद आहे, लहान फोनवर उजवीकडचा भाग दिसत नाही आणि तिकडं सरकवायचं हे पाचपैकी तिघांच्या लक्षातच आलं नाही. कानानं_वाचतो दादा, एक नमुना पट्टी खोटे आकडे टाकून चाचणीच्या पानावर ठेवली आहे, लिंक निरोपात पाठवतो, टॉकबॅकवर कशी येते ते सांगाल का?

कानानं_वाचतो:

ऐकली. मला आलं ते असं, "चुरी. एकोणीसशे साठ. बावीस. चारशे. दोनशे दहा." यातलं वजन कोणतं, भाव कोणता, हमाली किती, काहीच कळत नाही. तुम्ही तक्ता दिसायला तक्ता केला आहे पण वरच्या रांगेतली नावं शीर्षकं आहेत असं कोडमधे सांगितलेलं नाही, नुसते ठळक केलेले साधे रकाने आहेत. फोनवर तक्ताच मोडून टाकता आला तर पाहा, प्रत्येक गोष्ट एका ओळीत, आधी नाव मग आकडा, वरून खाली. रुंदीचाही प्रश्न त्यातच सुटेल बहुतेक. आणि हाती आलेली रक्कम सगळ्यात आधी सांगा, मला ती ऐकायला शेवटपर्यंत थांबावं लागलं.

आंबिया_बहार:

केलं दादा, काल रात्रीच. परत एकदा ऐकाल का?

कानानं_वाचतो:

आता आलं, "हाती आलेली रक्कम, बेचाळीस हजार पाचशे दहा रुपये. माल, चुरी. वजन, एकोणीसशे साठ किलो. भाव, बावीस रुपये किलो. हमाली, चारशे रुपये. तोलाई, दोनशे दहा रुपये." मी मनात हिशोब करून पाहिला, बरोबर जुळला. पण तुमच्या भागात भाव टनावर बोलतात ना, मग पट्टीत किलोवर का? ते दिवाणजींना विचारून घ्या.